देव काही इंजिन नाही

नाताळ अंकासाठी रेल्वेतले थरारक अनुभव लिहून द्या, असं संपादकांनी कळवलं तेव्हा मी जरा अडचणीत आलो. स्टेशन मास्तरला पगार मिळतो तो थरार घडू नये म्हणून. चौतीस वर्षांत माझ्या स्टेशनवर सांगण्यासारखं काही घडलं नाही. मला याचा अभिमान आहे, पण त्यावर लेख होत नाही. म्हणून मी सुपडूभाऊंबद्दल लिहितो. ते आमच्या हद्दीतल्या एका फाटकावर गेटमन होते आणि आमच्या चर्चच्या मंडळीचे सभासदही होते. रेल्वेत मी त्यांचा वरिष्ठ, मंडळीत मी सचिव. म्हणजे दोन्हीकडे त्यांच्यावर सही करणारा मीच.

लोकांना वाटतं, स्टेशन मास्तर म्हणजे तिकीट देणारा किंवा हिरवी झेंडी हलवणारा माणूस. आमचं खरं काम टेबलावर चालतं. नरडाण्याच्या अलीकडे आमचं छोटं स्टेशन होतं आणि त्याच्या पुढे दोनेक किलोमीटरवर फाटक. गाडी सोडायची झाली की मी गेटवर फोन करायचा. गेटमनने फाटक लावायचं, कुलूप घालायचं आणि मग मला एक नंबर सांगायचा. त्याच्याजवळच्या कागदावर असे नंबर छापलेले असतात, एक वापरला की त्यावर काट. याला आम्ही प्रायव्हेट नंबर म्हणतो. तो नंबर मी माझ्या रजिस्टरात लिहिला की मगच सिग्नल पडणार. नंबर दिल्यावर, गाडी जाईपर्यंत फाटक कुणासाठीही उघडायचं नाही. मंत्री आला तरी नाही, सख्खा भाऊ आला तरी नाही.

हा नियम सुपडूभाऊंइतका कुणी पाळलेला मी पाहिला नाही. आणि पाळताना त्यांच्यावर कुणी चिडलेलंही पाहिलं नाही. हे दुसरं पहिल्यापेक्षा अवघड आहे.

एकदा वैशाखात एक वऱ्हाड फाटकाशी अडकलं. मालगाडी पुढच्या स्टेशनात खोळंबली होती, आणि नंबर दिलेला असल्यामुळे फाटक बंद. मुहूर्त जवळ आलेला. नवरदेवाचे मामा तावातावाने खाली उतरले. माझी ओळख कुठवर आहे, वगैरे सुरू झालं. सुपडूभाऊंनी ते सगळं ऐकून घेतलं. मग केबिनमधला माठ बाहेर आणून निंबाखाली ठेवला आणि आधी बायाबापड्यांना पाणी दिलं. मामांनाही पेला दिला. नवरदेवाचा फेटा सुटत आला होता, तो त्यांनी स्वतः नीट बांधून दिला. वीस मिनिटांनी गाडी गेली. संध्याकाळी तेच वऱ्हाड परतताना मामा उतरले आणि सुपडूभाऊंच्या हातात लाडूंचा पुडा ठेवून गेले. मी विचारलं, तुम्ही त्यांना काय सांगितलं? ते म्हणाले, काही नाही, त्यांची घाई खरीच होती, तेवढं मान्य केलं.

त्यांचं बाप्तिस्म्याचं नाव शमुवेल. आमच्या रजिस्टरात तेच. पण आधीची दोन भावंडं दगावली म्हणून आईने जन्मल्यावर, हा तरी जगावा यासाठी, सुपात घातलेला हा मुलगा, त्यामुळे गावाला आणि रेल्वेलाही ते सुपडूच. तरुणपणी मोठ्या दुखण्यातून उठल्यावर ते येशूकडे वळले. बायको इंदूबाई वळल्या नाहीत. त्या दरवर्षी श्रावणात कानबाई देवी बसवत, नैवेद्याचे रोट करत आणि सुपडूभाऊ त्यांच्याबरोबर बसून ते रोट खात.

इथे मी येतो.

आम्ही मूळचे जळगावचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. वडील शाळामास्तर. आमच्या घरी रविवारी भाजीसुद्धा विकत घ्यायची नाही, असा दंडक होता. मी रेल्वेत गेलो तिथेही पुस्तकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. त्यामुळे आमच्या गावच्या छोट्या मंडळीने मला सचिव केलं तेव्हा मी मंडळीही स्टेशनसारखी चालवायला घेतली. पाळकसाहेब धुळ्याहून महिन्यातून दोनदा येत, बाकी सगळं माझ्यावर. उपासनेची हजेरी, वर्गांची हजेरी, कोण किती वेळा गैरहजर. कुणाला शिस्तीखाली ठेवायचं, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस सहा महिने द्यायचा नाही, याची नियमावली मी स्वतः माझ्या अक्षरात लिहून काढली. पाळकसाहेब सौम्य होते. ते म्हणाले, भाऊ, एवढं कशाला? मी म्हणालो, नियम नसेल तर अपघात होतो.

सुपडूभाऊंची रविवारी बहुधा ड्युटी असे. हजेरी कमी, त्यात कानबाईचे रोट. कुणीतरी तक्रार केली आणि मी त्यांना समितीपुढे बोलावलं. पाच माणसं टेबलामागे आणि ते समोर उभे. खुर्ची होती, पण मी बसा म्हणालो नाही.

रोट खाल्ले का, असं मी विचारलं. ते म्हणाले, खाल्ले. इंदू दिवसभर उपाशी राहून, पहाटेपासून दळून-कांडून करते. तिच्या ताटावरून मी उठून गेलो तर ती कुणासमोर जेवेल? मी म्हणालो, तुम्ही गेटवर एवढे कडक, तिथे नियम मोडत नाही, मग इथे कसे मोडता?

त्यावर ते त्यांच्या अहिराणीत जे बोलले ते मी त्या दिवशी इतिवृत्तात लिहून घेतलं नाही. पण विसरलोही नाही.

"मास्तर, गेटना नियम गाडीसाठे शे. गाडीले काही दिसस नही, पटकन थांबता येस नही, म्हनीसन नियम. देवले बठ्ठं दिसस. तो काय इंजन थोडाच शे?"

एकजण हसला. मी हसलो नाही. मी विचारलं, मग तुमचा विश्वास म्हणजे नेमकं काय? त्यांनी जरा विचार केला. अवघड प्रश्न नव्हता, पण असं कधी कुणी विचारलं नसावं.

"येशूसंगे मनं जमस. इंदूसंगे मनं जमस. एकसंगे बिघडनं म्हणजे दुसरासंगे बिघडीच, हाई माले पक्कं ठाऊक शे."

मला ते उत्तर फार तोकडं वाटलं. मी तत्त्वाची अपेक्षा करत होतो आणि हा माणूस शेजाऱ्याशी जमतं तसं देवाशी जमतं म्हणत होता. आम्ही त्यांना सहा महिने शिस्तीखाली ठेवलं. त्यांनी मान हलवली, सगळ्यांना सलाम केला आणि निघाले. पुढच्या गुरुवारी त्यांची सुट्टी होती. माझ्या बायकोला गुडघेदुखी होती, म्हणून निर्गुडीचा पाला घेऊन ते माझ्या घरी आले. चहा घेतला, पाला कसा शेकायचा ते सांगितलं आणि गेले. मला वाटलं, यांना शिक्षेचा अर्थच कळलेला नाही.

त्यानंतर वर्षभराने माझ्या मुलीने, शरोनने, लग्न ठरवल्याचं सांगितलं. ती धुळ्याला एका हायस्कूलमध्ये शिकवत होती. किशोर तिथलाच शिक्षक. मुलगा निर्व्यसनी, बोलायला नम्र, पण आमच्या विश्वासातला नाही आणि होणारही नाही. शरोन म्हणाली, पप्पा, तो मला माझं सोडायला सांगत नाही, मग मी त्याला त्याचं सोडायला कसं सांगू? लग्न नोंदणी पद्धतीने करणार होते. तुम्ही दोघं फक्त या, एवढंच तिचं मागणं होतं.

माझ्या नियमावलीतला सातवा नियम असा होता की, मुलांच्या अशा लग्नाला जे आईबाप हजर राहतील तेही शिस्तीखाली. लिहिताना मी दुसऱ्यांच्या घरांचा विचार करत होतो. आता तो माझ्याच दारात आला, आणि मी तो पाळला. मी गेलो नाही. बायकोलाही जाऊ दिलं नाही. फोन घ्यायचा नाही, असं बजावलं. समितीत माझं कौतुक झालं. सचिवांनी घरापासून सुरुवात केली, असं एकजण म्हणाला, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं.

माझी बायको शांता उपासनेत पुढच्या बाकावर बसून मोठ्याने गायची. चांगला आवाज होता. त्या रविवारपासून ती बाकावर बसायची, पुस्तक उघडायची, पण ओठ मिटलेले. मी घरी आल्यावर कधी विचारलं नाही. काय उत्तर येईल ते मला माहीत होतं.

असं साडेतीन वर्षं चाललं. या काळात सुपडूभाऊ सुट्टीच्या दर गुरुवारी घरी येत, चहा घेत आणि आमच्या तब्येती विचारून जात. मधल्या काळात शरोनला मुलगा झाल्याचं कुणाकडून तरी कळलं. शांता त्या दिवशी जेवली नाही.

आमच्या ताब्यातली फाटकं स्टेशन मास्तरने अधूनमधून जाऊन तपासायची असतात. झेंड्या फाटलेल्या नाहीत ना, कंदील चालू आहे का, धोक्याच्या वेळी रुळावर ठेवायचे फटाके मुदतीतले आहेत का, रजिस्टर नीट आहे का. जानेवारीत एका दुपारी मी मोटरसायकलने सुपडूभाऊंच्या गेटवर गेलो. फटाके मोजले, सही केली. तेवढ्यात फोन वाजला. स्टेशनवर त्या पाळीला माझे सहकारी होते. सुपडूभाऊ उठले, फाटक लावलं, कुलूप घातलं, नंबर सांगितला, कागदावर काट मारली. मी खुर्चीत बसून ते बघत होतो आणि मनात म्हणत होतो, एवढं चोख काम, हाच माणूस मंडळीत का बिघडतो.

फाटकाच्या पलीकडे एक मोटरसायकल येऊन थांबली. पुढे पुरुष, मागे बाई, मध्ये लहान मूल. बाईने तोंडावरचा रुमाल सोडला, आणि ती शरोन होती.

किशोरचं गाव त्या रस्त्यावर पुढे आहे, हे मला ठाऊक होतं. पण सुट्टीच्या दिवशी धुळ्याहून गावी येताना-जाताना ती याच फाटकावरून जाते, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. तिनेही मला पाहिलं. मोकळा रस्ता असता तर दोघांपैकी कुणीतरी तोंड फिरवून निघून गेलं असतं, बहुधा मीच. पण फाटक बंद होतं. माझी मोटरसायकल निंबाला टेकवून ठेवली होती, आणि तपासणी अर्धवट टाकून निघावं तर गेटमनसमोर काय कारण सांगणार? आम्ही दोघंही उभे राहिलो. मध्ये दोन रूळ.

त्या मुलाला यातलं काही माहीत नव्हतं. तो गाडीवरून उतरला, दांड्याखालून वाकून आत शिरला आणि "सुपडू आबा" करत सरळ रुळांवरून इकडे धावत आला. वळणावर इंजिनाची शिट्टी झाली होती. गाडी अजून लांब होती. सुपडूभाऊ चार पावलं पुढे झाले आणि त्यांनी त्याला उचललं. पलीकडून किशोर दांडा ओलांडायला निघाला होता, त्याला त्यांनी हाताने तिथेच थांब म्हणून खूण केली. गाडी आता दिसू लागली होती, मुलाला परत पलीकडे नेण्याचा प्रश्नच नव्हता. गाडी जाताना गेटमनने दोन्ही हातांत झेंड्या घेऊन उभं राहायचं असतं, तो नियमच आहे. ते माझ्याकडे वळले.

"धरा मास्तर. माले झेंडी दखाडनी शे."

आणि मूल माझ्या हातात आलं.

मालगाडी लांबलचक होती. डबे एकामागून एक आमच्या मधून जात होते. दोन डब्यांच्या फटीतून शरोन दिसायची, नाहीशी व्हायची, पुन्हा दिसायची. ती हललेली नव्हती. तिचे दोन्ही हात तोंडावर होते. मुलगा माझ्या कडेवर डबे बघण्यात गुंग. त्याचा एक हात माझ्या कॉलरमध्ये अडकलेला. आवाज मोठा झाला की तो माझ्याकडे सरकायचा. अंगाला दुधाचा आणि धुळीचा वास. आयुष्यात मी किती मालगाड्या पास केल्या असतील, पण प्रत्येक वेळी गाडी लवकर जावी असंच वाटायचं. ती गाडी संपू नये असं वाटत होतं, आणि लगेच संपावी असंही वाटत होतं.

शेवटचा डबा गेला. सुपडूभाऊंनी झेंड्या गुंडाळल्या, स्टेशनला फोन केला आणि मग कुलूप काढलं. त्यात त्यांनी एका मिनिटाचीही घाई केली नाही. शरोन चालत माझ्यापर्यंत आली. मला वाटलं, आता ती मूल ओढून घेईल, आणि तसं केलं असतं तर मी काही म्हणू शकलो नसतो.

"पप्पा, पाठीला हात ठेवा त्याच्या. तो एकदम मागे झेप घेतो."

मी पाठीला हात ठेवला. मग त्याचं नाव विचारलं. पार्थ, ती म्हणाली. किशोर मागे उभा होता, त्याने वाकून नमस्कार केला. सुपडूभाऊ तोवर केबिनमध्ये जाऊन बसले होते आणि रजिस्टरात काहीतरी लिहीत होते. एवढं काय लिहायचं होतं ते मला माहीत आहे. गाडी गेल्याची वेळ लिहायला अर्धं मिनिट लागतं. ते दहा मिनिटं लिहीत होते.

नंतर शरोनने सांगितलं. तीन वर्षं ती जाता-येता तिथे थांबत होती. पार्थ पोटात होता तेव्हा सुपडूभाऊ तिला खाट देत. आईचा गुडघा कसा आहे, पप्पांना खोकला आहे का, सगळं तिला त्यांच्याकडून कळत होतं. मला का नाही सांगितलं, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, तुम्ही मुलीचं नाव काढलं असतं तर लगेच सांगितलं असतं, मी दर गुरुवारी वाट बघत होतो. माझ्या घरी ते का येत होते हे मला त्या दिवशी कळलं. शिक्षा झालेल्या माणसाने शिक्षा करणाऱ्याची खबर त्याच्या मुलीला पोचवायची, एवढ्यासाठी.

त्याच संध्याकाळी मी शांताला गाडीवर बसवून किशोरच्या गावी गेलो. तिथे काय झालं ते तिचं आहे, मी लिहिणार नाही.

महिन्याच्या बैठकीत मी उठून सगळं सांगितलं आणि सातवा नियम मला लावा म्हणालो. सगळे गडबडले. सचिवाला कसं शिस्तीखाली ठेवायचं? आपण तो नियमच काढून टाकू, असं कुणीतरी सुचवलं. मी म्हणालो, नियम जरूर काढा, कानबाईचाही काढा, पण आधी मला सहा महिने होऊ द्या. दुसऱ्यांनी भोगून झाल्यावर माझ्या वेळेला तो रद्द होणं बरं दिसत नाही. पाळकसाहेब हो म्हणाले. सचिवपद मी सोडलं.

त्या सहा महिन्यांत मी शेवटच्या बाकावर बसायचो. शरोन आली की पार्थला घेऊन शांता पुढे बसायची, आणि ती पुन्हा गाऊ लागली होती. सुपडूभाऊंना पाळी बदलून एखादा रविवार मिळाला की ते माझ्या शेजारी येऊन बसत. त्यांची शिक्षा कधीच संपली होती, ते पुढे जाऊ शकत होते. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, इथून चांगलं ऐकू येतं.

अशाच एका रविवारी उपासना सुरू होण्याआधी आम्ही दोघंच बाकावर होतो. मी त्यांची माफी मागितली. समितीपुढे उभं ठेवल्याबद्दल, खुर्ची न दिल्याबद्दल, त्या सहा महिन्यांबद्दल. तुम्हाला किती वाईट वाटलं असेल, असं मी म्हणालो. ते जरा संकोचले. वाईट वाटायचं खरं, पण स्वतःसाठी नाही, असं काहीतरी पुटपुटले. मी आग्रह केला तेव्हा बोलले.

"माले वाईट लागे ते तुमनासाठे. प्रभुभोजनना टाईमले बठ्ठा डोया मिटेत. तुम्हीच एकला उघडा डोयानी पाहेत, कोन लेस, कोन नही लेस."

सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि मी एकटा उघड्या डोळ्यांनी हिशेब ठेवतोय, हे ते मागच्या बाकावरून वर्षानुवर्षं बघत होते. मला त्यांची कीव यायची, आणि त्यांना माझी. लोक येऊ लागले, गीत सुरू झालं. सुपडूभाऊंना सूर बिलकुल नव्हता, पण ते मनापासून गात होते.

आता ते फाटक राहिलेलं नाही. तिथे खालून भुयारी रस्ता झाला आहे. सुपडूभाऊ निवृत्त होऊन इंदूबाईंबरोबर गावी राहतात. श्रावणात आम्ही सगळे त्यांच्याकडे रोट खायला जातो, नाताळला ती दोघं आमच्याकडे येतात. इंदूबाईंनी बाप्तिस्मा घेतलेला नाही आणि कुणी त्यांना विचारतही नाही. जेवायच्या आधी सुपडूभाऊ प्रार्थना करतात तेव्हा त्या हात जोडून बसतात. तेवढा वेळ घरात सगळ्यांचं सगळ्यांशी जमलेलं असतं.

मी माफी मागितली त्या रविवारी प्रभुभोजनाचं ताट नेहमीप्रमाणे बाकाबाकावरून मागे आलं. माझ्यासाठी ते नव्हतंच. सुपडूभाऊंनी भाकरीचा तुकडा घेतला, की माझ्यासाठी म्हणून त्यांनीही नाही घेतला, ताट आमच्यापाशी किती वेळ थांबलं, हे मला सांगता येणार नाही. मी पाहिलं नाही.